शॅमरॉक व्हाया सिहोरा

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतल्या पबच्या काचांवर हिरवी पानं उगवायला लागतात. हिरव्या टोप्या, हिरवे गॉगल, हिरवी बिअर आणि कोपऱ्यात कुठेतरी तांबड्या दाढीचा बुटका म्हातारा. १७ मार्च, सेंट पॅट्रिक्स डे! हा पॅट्रिक कोण, कुठला, याची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नसते आणि खरं सांगायचं तर पर्वाही नसते. वीकेंडच्या आसपास आला म्हणजे झालं. मीही त्यातलाच. हिंजवडीत नोकरी, बाणेरला फ्लॅट, आणि आयर्लंड म्हणजे ताईचा रविवारचा व्हिडिओ कॉल. तिच्या मागच्या खिडकीत बाराही महिने पाऊस.

यंदा मात्र आयर्लंडचा सण मी हाताने केला. तोही पबमध्ये नाही, सिहोऱ्यात.

सिहोरा कुठे आलं म्हणून नकाशा उघडायची गरज नाही, सांगतो. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. नागपूरहून भंडारा, मग तुमसर, आणि तिथून पुढे मध्य प्रदेशच्या दिशेने निघालं की आमचं गाव. जवळच बावनथडी नदी, थोडं बाजूला चांदपूरचा जलाशय आणि तिथलं हनुमानाचं देवस्थान. बाकी जिकडे पाहाल तिकडे धानाच्या बांध्या. तुम्ही ज्याला भात म्हणता तो शेतात उभा असेपर्यंत आमच्याकडे धान असतो. तुम्ही ज्याला पेंढा म्हणता ते आमचं तणस. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक अट

ताई आणि भाऊजी गेली नऊ वर्षं डब्लिनला आहेत. दोघंही आयटीत. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा. यंदा चुलत बहिणीचं लग्न जानेवारीच्या शेवटी निघालं आणि सगळी फॅमिली तीन आठवडे सिहोऱ्यात येऊन राहिली. शाळेने मुलांना सोडलं, पण भाचीच्या बाईंनी एक गोड अट घातली. १ फेब्रुवारीला आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडचा दिवस असतो. वर्गातली सगळी मुलं त्या दिवसासाठी हाताने क्रॉस विणतात. हिने तो भारतात विणायचा आणि फोटो पाठवायचा.

पॅट्रिक मला निदान बिअरमुळे माहीत होता. ब्रिजिड कोण? भाचीने मामाची शिकवणी घेतली.

ब्रिजिड ही आयर्लंडची संत. पॅट्रिक आणि कोलमकिलच्या बरोबरीने देशाची पालक संत मानली जाते. किल्डेअरला तिचा मठ होता आणि सन ५२५च्या सुमारास ती वारली, असं परंपरा सांगते. पण त्याच्याही आधी याच नावाची एक देवी होती. अग्नीची, कवींची, लोहारांची. ख्रिस्ती धर्म आला आणि देवीच्या गोष्टी संतीणबाईंच्या गोष्टींत मिसळल्या. आपल्याकडे ग्रामदेवतांचं जे होत आलंय, तेच! तिचा दिवस १ फेब्रुवारी, म्हणजे जुन्या केल्टिक पंचांगाप्रमाणे वसंताचा पहिला दिवस. आमची वसंत पंचमी यंदा २३ जानेवारीला झाली होती. आठवड्याभराचा तर फरक.

आणि आता ऐका गंमत. आयर्लंडमध्ये वर्षाला नऊ सार्वजनिक सुट्ट्या होत्या. ब्रिजिडच्या नावाने दहावी आली आणि ती पहिल्यांदा मिळाली ६ फेब्रुवारी २०२३ला. बाईच्या नावाची ही तिथली पहिलीच सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी पंतप्रधान कोण होतं? लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा! २०१७मध्ये ते पहिल्यांदा पंतप्रधान झाले, २०१९च्या डिसेंबरात वराडला येऊन गेले आणि २०२४मध्ये पायउतार झाले. हे सांगितल्यावर आमच्या आईचा या प्रोजेक्टमधला इंटरेस्ट एकदम वाढला. "म्हणजे आपल्याच माणसाच्या राज्यात सुट्टी लागली म्हणायची," असं म्हणून तिने चहा टाकला.

तणसाच्या शोधात

ब्रिजिडची गोष्ट अशी. एक सरदार मरणशय्येवर होता. ही त्याच्याजवळ बसलेली. जमिनीवर लव्हाळी अंथरलेली होती. बोलता बोलता तिने त्यातल्या चार काड्या उचलल्या आणि क्रॉस विणायला लागली. तेव्हापासून हा क्रॉस लव्हाळ्याचाच करतात. ओल्या, पाणथळ रानात उगवणारं ते हिरवं, गोल काडीचं गवत. परंपरा अशी की ते कापायचं नाही, हाताने उपटायचं. आदल्या संध्याकाळी विणायचं आणि दारावर लावायचं, म्हणजे वर्षभर घराला आग, रोगराई आणि भूक शिवत नाही.

सिहोऱ्यात आयरिश लव्हाळं कुठून आणणार? पण धानाची काडी तर आहे! डिसेंबर-जानेवारीत घरोघरी तणसाचे ढीग लागलेले असतात. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. आम्ही तिघं टोपली घेऊन ढिगाशी गेलो, दहा-बारा मुठी तणस उपसलं आणि प्रत्येक काडी मधेच तुटलेली निघाली.

आमच्याकडचे सालगडी काका लांबून बघत होते. पस्तीस वर्षं ते आमच्या घरी आहेत. "हे हार्वेस्टरचं तणस हाये, भाऊ," ते म्हणाले. "त्याचा चुरा होते. गाय खाते, पन बाकी काई कामाचं नाई."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मशीन धान कापतं, मळतं आणि मागच्या बाजूने काडीचे तुकडे टाकत जातं. आमच्या लहानपणी विळ्याने कापणी व्हायची, कडपा वाळायच्या, पेंढ्या बांधून पुंजणं रचायचं, मग मळणी. तेव्हाची काडी कमरेएवढी लांब असायची. आता मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि मशीनवाला दुपारच्या आत एकराचं काम उरकून जातो. कुणाला दोष देणार? पण त्यासोबत लांब काडी गेली. काडीबरोबर ती वापरायची कलाही जाते, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. पाणी साचलेल्या एका खोलगट बांधीत मशीन रुतत होतं, म्हणून तेवढा तुकडा त्यांनी हाताने कापून झोडला होता. त्याच्या चार पेंढ्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या. पिवळ्याधमक, सरळ, अखंड. भाचीने एक काडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "मामा, हिला पोळीसारखा वास येतो!"

काकांनी विचारलं, "हे कोन्या देवाचं हाये, बाई?"

"ब्रिजिडचं. तिच्याकडे गाय होती. खूप दूध द्यायची."

"मंग बरोबर हाये," म्हणून काकांनी पेंढी सोडली.

'मोठ्याने बोललं तर चालतं?'

इथे मला थोडं थांबून दुसरं काही सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसता क्राफ्टचा होईल.

भाची सिहोऱ्यात आली तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ती कुजबुजत बोलायची. घरात ठीक. पण दाराबाहेर पडलं की आवाज खाली. आम्हाला वाटलं, नवीन जागा, लाजत असेल. तिसऱ्या दिवशी मी तिला तुमसरला घेऊन निघालो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिने माझ्या कानाला लागून विचारलं, "मामा, इथे बसमध्ये मराठीत मोठ्याने बोललं तर चालतं?"

मला काय बोलावं सुचेना. घरी आल्यावर ताईला गाठलं.

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनमध्ये आणि आसपास भारतीयांवर एकापाठोपाठ एक हल्ले झाले. तिथल्या भारतीय दूतावासाने १ ऑगस्टला आपल्या लोकांना सावध राहायची, निर्मनुष्य जागा टाळायची सूचना काढली. वॉटरफर्डमध्ये तर भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीला मारहाण झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी जाहीर निवेदन काढून निषेध केला, भारतीयांनी या देशाला काय दिलंय याची आठवण करून दिली. पण ऑगस्टमध्ये डब्लिनला व्हायचा 'इंडिया डे' आयोजकांना पुढे ढकलावा लागला. हे सगळं आपण पेपरात वाचलंय आणि पान उलटलंय.

ताईच्या घरी काय झालं ते पेपरात नव्हतं. बसस्टॉपवर ती आणि भाची गप्पा मारत उभ्या होत्या. एक अनोळखी माणूस जवळ आला आणि आपल्या देशात जाऊन तुमची भाषा बोला, असं ओरडून निघून गेला. एवढंच. कुणी हात उचलला नाही, पोलिसात जाण्यासारखं काही घडलं नाही. शेजारच्या आयरिश आजी पुढचे दोन आठवडे रोज सकाळी यांच्यासोबत शाळेपर्यंत चालत गेल्या. पण त्या दिवसापासून मुलीने बाहेर मराठी बोलणं सोडलं.

भाऊजींना पुण्यात बदली मिळू शकते. कंपनीने जूनपर्यंत काय ते कळवा म्हणून सांगितलंय. म्हणजे लग्नाच्या निमित्ताने आलेल्या या तीन आठवड्यांत घरातल्या प्रत्येक जेवणाच्या ताटावर एक प्रश्न वाढलेला होता. राहायचं की परतायचं? कुणी तो मोठ्याने विचारत नव्हतं इतकंच.

अंगणातली फॅक्टरी

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी चार वाजता अंगणात गोणपाट अंथरलं. बातमी गल्लीत पोचली होती आणि पाच मिनिटांत डझनभर पोट्टे गोळा झाले. (विदर्भात मुलांना पोट्टे म्हणतात, राग मानायचा नाही.)

पहिली अडचण तांत्रिक. लव्हाळ्याच्या काडीत भेंडासारखा गाभा असतो, त्यामुळे ती दुमडली तरी तुटत नाही. या गाभ्याच्या पूर्वी तिकडे वातीसुद्धा करत. धानाची काडी आतून पोकळ. दुमडली की कट्टकन मोडते. पहिल्या दोन क्रॉसचे बारा वाजले. भाचीचे डोळे भरायला लागले तेवढ्यात काका उठले. काड्या कोमट पाण्यात बुडवल्या, अर्ध्या तासाने काढून ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि म्हणाले, "आता वाकवा."

वाकली! अगदी चामड्याच्या वादीसारखी.

मग काकांनी बसल्या बसल्या आणखी एक प्रकार दाखवला. मूठभर ओलं तणस घेऊन दोन तळव्यांत पीळ दिला, नवीन काड्या जोडत गेले आणि बघता बघता हातभर दोर तयार झाला. पेंढ्या बांधायला पूर्वी असेच बंध वळत. भाची ओरडली, "हे तर सूगान!" आयर्लंडमध्ये तणसाच्या दोराला सूगान म्हणतात. तो विणून खुर्च्यांची बैठक करायचे, गवताच्या गंजी बांधायचे. तिने तो शाळेच्या सहलीत म्युझियममध्ये काचेआड पाहिला होता. इथे तो एका माणसाच्या हातातून निघत होता. त्यांना अर्थातच त्यात विशेष काही वाटलं नाही.

त्यानंतरचा तासभर मी फक्त बघत होतो. भाची मधोमध बसली आणि तिने शिकवायला सुरुवात केली. "एक काडी उभी धरा. आता दुसरी अर्धी दुमडा, पहिलीवर घाला. तोंड उजवीकडे. उजवीकडे, अरे! आता सगळं फिरवा. घड्याळाच्या उलटं. मधली जागा सोडायची नाही, घट्ट पकडा!" आवाज टिपेला. मराठीत. आणि तीही कुठली मराठी? दोन आठवड्यांत तिच्यात सिहोरा घुसलं होतं. "तू काऊन सोडून रायला बे?" असं तिने शेजारच्या मुलाला दरडावलं तेव्हा ताईने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

"हे भिंगरीसारखं दिसते," एका पोट्ट्याने जाहीर केलं. खरंच होतं ते. चार हात, प्रत्येक एका बाजूला सरकलेला. फुंकर मारली तर फिरेल असं वाटावं. संध्याकाळपर्यंत एकवीस भिंगऱ्या तयार झाल्या. त्यातल्या सात-आठच सरळ होत्या, पण हिशेब कोण ठेवतो!

आजीचा गोठा

दारावर क्रॉस का लावतात, हे भाचीने आजीला समजावलं. घराला आग लागू नये म्हणून. आईने क्षणभरही वेळ लावला नाही. "मग आधी गोठ्याला लाव."

भंडाऱ्यात धान पिकवणाऱ्या माणसाला आगीबद्दल काही सांगावं लागत नाही. पुंजण्याला आग लागून वर्षाची कमाई राख झाल्याची बातमी हंगामात येतच असते. आईच्या माहेरी असं झालंय. तेव्हा कुठल्या देशाची देवी, कुठला धर्म, असले प्रश्न तिला पडलेच नाहीत. आणि नंतर ताईने वाचून दाखवलं की आयर्लंडच्या खेड्यांतही हा क्रॉस घराइतकाच गुरांच्या गोठ्यात लावत असत. आईचं मत आधीच झालेलं होतं.

रात्री आणखी एक विधी निघाला. ब्रिजिडच्या आदल्या रात्री घराबाहेर एक कापड ठेवायचं. त्या रात्री ती देशभर फिरते, जाता जाता कापडाला हात लावते आणि मग ते वर्षभर औषधाचं होतं. डोकं दुखलं, घसा धरला की बांधायचं. भाच्याने माझी दस्ती पळवली आणि तुळशीवृंदावनावर पसरली. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, चांदणं लख्ख पडलं होतं. सकाळी दस्ती दवाने ओलीचिंब. "ती आली होती!" त्याने घरभर नाचून सांगितलं. मग ती दस्ती आजीच्या गुडघ्याला बांधली गेली. आईने दोन दिवस सोडली नाही. गुडघ्याला आराम पडला का, हे मी विचारलं नाही.

तीन पानं, तीन रंग

क्रॉस झाले तरी पोट्टे हटेनात. रविवारी सकाळी पुन्हा हजर. मग भाचीने पुढचा सण काढला, १७ मार्च.

शॅमरॉक करायला अगदी सोपा. हिरव्या कागदाचे तीन बदाम कापायचे, टोकं जुळवून चिकटवायची आणि खाली देठ. नियम एकच, पानं तीनच हवीत. चार पानांचं ते लकी क्लोव्हर, ते वेगळं. पॅट्रिकने म्हणे हेच तीन पानांचं रोपटं दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही एकच कसे, ते लोकांना समजावलं. गंमत म्हणजे खरा शॅमरॉक कोणता, यावर आयरिश लोकांचंही एकमत नाही. तिथे १८९०च्या दशकात आणि पुन्हा १९८८मध्ये लोकांकडून आपापला शॅमरॉक मागवून तपासला गेला. बहुतेकांनी पाठवली ती क्लोव्हरची दोन रोपं. आपल्याकडे दुधाळ जनावरांना घालतात ते बरसीम याच कुळातलं. पण कागदाच्या बदामासारखी पानं हवी असतील तर ती आंबुशीची. आमच्या नहाणीच्या पाटाशी ती भरपूर उगवते. भाच्याने एक पान तोडून तोंडात टाकलं आणि "शॅमरॉक आंबट आहे!" असा शोध जाहीर केला.

कागद? २६ जानेवारीला गल्लीत लावलेल्या पताका उतरवून ठेवल्या होत्या. झेंडे नव्हेत हं, ते शाळेने मानाने जमा करून नेले होते. हे नुसते रंगीत घोटीव कागद. केशरी, पांढरा, हिरवा. भाची त्या ढिगाकडे बघतच राहिली. आयर्लंडच्या झेंड्याचेही हेच तीन रंग! फक्त पट्टे उभे, आणि काठीशी हिरवा. १८४८मध्ये तो पहिल्यांदा फडकला. हिरवा तिथल्या जुन्या गेलिक, कॅथलिक लोकांचा, नारिंगी विल्यम ऑफ ऑरेंजला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांमधल्या शांततेचा.

"म्हणजे भांडू नये म्हणून मधे पांढरा?" एका पोट्टीने विचारलं.

"हो. पण तरी भांडतात," भाची म्हणाली. मग जरा वेळ कात्री चालवून ती पुढे म्हणाली, "सगळे नाही."

हे ती कशाबद्दल बोलली, ते अंगणात फक्त आम्हा तिघा मोठ्यांना कळलं. ताई उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने खळीचं भांडं घेऊन बाहेर आली.

लाकडी बैल

सोमवारी मुलं माळ्यावर चढली आणि तिथून आमचा जुना लाकडी बैल घेऊन आली. चार चाकं, त्यातलं एक निखळलेलं, शिंगांना अजून बेगड चिकटलेला. माझ्या आणि ताईच्या तान्ह्या पोळ्याचा बैल!

पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा. मुलं आपापले लाकडी बैल सजवतात, झूल घालतात, शिंगं रंगवतात, घरोघर ओढत नेतात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. ताईने आणि मी एका वर्षी या बैलावर चौदा रुपये कमावले होते. बैल कुणाचा भारी, यावरून गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या. सजावट विकत आणलेली असेल तर तो बाद. हा आमचा अलिखित कायदा होता.

भाची म्हणाली, आयर्लंडमध्येही मुलं दारोदार जायची. ब्रिजिडची काड्यांची बाहुली करून घरोघर न्यायची आणि लोक त्यांना काहीतरी द्यायचे. १९३७ ते १९३९मध्ये तिथे शाळेतल्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारून अशा सगळ्या चालीरीती वह्यांत उतरवल्या. सुमारे पन्नास हजार मुलं! त्या वह्या जपून ठेवल्यात आणि आज कुणालाही वाचता येतात. आमच्या चौदा रुपयांची नोंद कुणी केली नाही याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

बैलाचं चाक काकांनी बसवलं. भाच्याने त्याच्या गळ्यात सूगानची माळ घातली आणि कपाळावर छोटा क्रॉस बांधला. पोळा सात महिने लांब होता. मिरवणूक तरीही निघाली. बोजारा जमला ऐंशी रुपये आणि एक पाव किलो लाह्या.

तुम्हीही करून बघा

शहरात तणस कुठून आणणार? मार्चपासून बाजारात हापूस यायला लागतो आणि पेट्यांमध्ये पेंढा असतो. त्यातल्या लांब, न मोडलेल्या काड्या निवडा. नाहीच मिळाल्या तर कागदी स्ट्रॉ किंवा वर्तमानपत्राच्या बारीक सुरळ्या चालतील.

अठरा-वीस काड्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा, मोकळी टोकं उजवीकडे. सगळं पाव वळसा घड्याळाच्या उलट फिरवा. तिसरी दुमडून पुन्हा तशीच डावीकडून उजवीकडे घाला. पुन्हा फिरवा. दर फेरीत मधला चौकोन वाढत जाईल. तो अंगठ्याने दाबून धरा, सगळी मेहनत त्यातच आहे. शेवटी चारही हातांची टोकं दोऱ्याने बांधा आणि जास्तीचं कापून टाका. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला जमतं. बाबा लोकांना जरा वेळ लागतो.

मुलांना तुमच्याशेजारी बसवा आणि फोन आत ठेवा. काड्या ओल्या असतात, तसाही तो हातात धरता येत नाही.

सामान

ते लोक ५ फेब्रुवारीला निघाले. बाहेरून गवत, पेंढा वगैरे सामानातून न्यायला युरोपात कडक नियम आहेत, त्यामुळे एकही क्रॉस बॅगेत गेला नाही. भाचीला वाईट वाटलं, पण तिने स्वतःच तोडगा काढला. इथले इथे, तिकडे गेल्यावर लव्हाळ्याचा वेगळा. म्हणजे दोन्ही घरांच्या दारावर एकेक. कागदाचे शॅमरॉक मात्र वहीच्या पानांत दाबून गेले. १७ मार्चला डब्लिनच्या खिडकीत सिहोऱ्याच्या गल्लीतल्या पताकेची हिरवी पानं लागणार आहेत. बाणेरच्या पबला हे कुठून जमणार!

नागपूर विमानतळावर चेक-इनच्या रांगेत भाची भाच्याला ओरडत होती, "बॅग काऊन सोडली बे?" रांगेतले दोन-तीन लोक वळून हसले. ती दचकली नाही. डब्लिनच्या बसस्टॉपवर तिचा आवाज एवढाच राहील का, मला माहीत नाही. ताईलाही नाही. जूनला अजून वेळ आहे.

आईने शेवटपर्यंत 'परत या' असा शब्द काढला नाही. परवा फोनवर सहज म्हणाली, काकांना सांगून ठेवलंय. येत्या हंगामात ती खोलगट बांधी मशीनला द्यायची नाही, विळ्यानेच कापायची. लागेल तणस पोरांना.